उशाखालचं उलथनं

खाला, विळा मिळाला.

तुझ्या जियारतीला, म्हणजे तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, रुखसानानं तो माझ्या हातात दिला. आत बायका पढत बसल्या होत्या. मी नेहमीसारखी दाराजवळ, चपलांच्या शेजारी. तुझी सून पाणी देत देत माझ्यापर्यंत आली, एक गुंडाळी माझ्या मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाली, "अम्मी बोल के गई, मौसी. मेरे बाद देना, पहले नक्को."

वर तुझ्या जुन्या हिरव्या ओढणीचा तुकडा, त्यावर सुतळी, आत वर्तमानपत्राचा कागद. सुतळी सोडायच्या आधीच हाताला ओळख पटली. मुठीवर तांब्याची तार होती. मूठ चिरली तेव्हा माझ्या आईनं ती तार दातात धरून गुंडाळली होती आणि मी समोर बसून बघत होते.

सव्वीस वर्षं, खाला. सव्वीस वर्षं तू माझ्या तोंडावर म्हणत राहिलीस, "कौनसा विळा गे?"

मला आधी राग आला. खोटं कशाला लिहू? तुझ्या घरात बायका तुझ्यासाठी दुवा मागत होत्या आणि मी मनात तुला चोर म्हणत होते. कुणाला न सांगता उठले, गुंडाळी पदराखाली धरली आणि घरी आले. चोरी तू केली होतीस, पण लपत मी आले.

मी बोलणारी बाई नाही, हे तुला माहीत आहे. चौथीत शाळा सुटली. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की शब्द सापडत नाहीत. लिहिताना तसं होत नाही. माझ्या मुलाच्या, सिद्धार्थच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, ती घेतली आहेत. वही मी ज्वारीच्या कोठीमागं ठेवते. कुणी वाचेल अशी भीती वाटते. उद्या तुझा चाळीसावा आहे. तिथंही मी दाराजवळच बसणार आणि काही बोलणार नाही. म्हणून आज लिहिते.

माझी आई मी सासरी येऊन वर्ष व्हायच्या आत गेली. त्यामुळं पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही, इथंच वाटूरला माझ्या सासूच्या, आत्याबाईंच्या हाताखाली झालं. माहेरातून भावानं मला आईची एकच वस्तू दिली होती, हा विळा. बाकी भांडीकुंडी वहिनीला लागत होती.

आमच्या घरात देव नाहीत. मामंजींच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हाच ते गेले. मामंजी तर इतके कडक की कुणी नजर लागली म्हटलं तर ताटावरून उठायचे. पण बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड पाहिजे, ही एक गोष्ट आत्याबाईंच्या मनातून काही गेली नव्हती. परतूरच्या दवाखान्यातून बाळ घेऊन आले त्याच दुपारी त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "उशाखाली विळा ठिव. लोखंड असलं की बाळाला काही शिवत न्हाई. पण मामंजीला कळू देऊ नको, न्हाई तर मला तासभर भाषण ऐकावं लागंल." घरातला विळा घेतला असता तर मामंजींच्या लक्षात आलं असतं. म्हणून मी आईचा ठेवला.

पुढं जे झालं ते मी कुणालाच धड सांगितलेलं नाही. डॉक्टरलाही अर्धंच सांगितलं.

बाळ रडायचं तेव्हा मला वाटायचं, कुणाचं तरी लेकरू रडतंय, त्याच्या आईनं घ्यावं. अंगाला दूध यायचं, चोळी भिजायची आणि मला माझ्याच अंगाची किळस यायची. परतूरला माझ्या शेजारच्या खाटेवर तांड्यावरची एक लमाण बाई होती. तिलाही त्याच दिवशी मुलगा झाला होता. ती सगळा वेळ भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. घरी आल्यावर माझ्या डोक्यात पक्कं बसलं की बाळं बदलली. तिचं माझ्याकडं आलं, माझं तांड्यावर गेलं. मी दिवसातून दहादा सिद्धार्थच्या पायाची बोटं मोजायची. पाच आणि पाच भरायची. पण ती माझ्याच बाळाची बोटं, हे कशावरून?

आत्याबाई डिंकाचे लाडू द्यायच्या. मला वाटायचं यांनी त्यात काहीतरी कालवलंय. मी लाडू बाजेखाली सारायची. एक दिवस मुंग्यांची ओळ भिंतीपर्यंत गेली. आत्याबाई ओरडल्या, "अगं, तुपाचे लाडू मुंग्यांला घालून राह्यली का तू? मुंग्या बाळंत झाल्यात का?" बाहेर बसलेल्या बायका हसल्या. मला ते हसणं ठरवून केल्यासारखं वाटलं.

मामंजी ह्यांना म्हणाले, "भूतबाधा आपल्यात नसती. मंग हिला झालंय काय? कामाचा कंटाळा, दुसरं काय न्हाई." त्यांचं बरोबर होतं, खाला. भूत नसतंच. पण भूत काढून टाकलं त्या जागी दुसरा शब्द आमच्या घरात कुणी आणून ठेवला नव्हता. तुमच्यात निदान साया पडला म्हणतात, बाईजवळ कुणी बसून पढतं, दंडाला काही बांधतं. तांड्यावर म्हणे अंगात आलं म्हणतात. मला मात्र काहीच झालं नव्हतं, कारण आमच्यात काही होतच नव्हतं.

बाराव्या दिवशी नामकरण होतं. नव्या बांगड्या भरायला आत्याबाईंनी तुला बोलावलं. सगळ्या गल्लीला तूच बांगड्या भरायचीस. टोपली उतरवून तू माझ्यासमोर बसलीस, माझा डावा हात मांडीवर घेतलास, अंगठ्याखालचं हाड दाबलंस आणि पहिली काचेची हिरवी बांगडी चढवलीस. तुझ्या हाताखाली बाया ओरडायच्या, "आई गं! खाला, हाड मोडती का!" आणि तू म्हणायचीस, "हाड नक्को मोडू तो चुडी कैसी चढेगी?" मी गप्प होते. दुसरी चढली. तिसरीला तू मुद्दाम जोरात दाबलंस. मुद्दामच, मला कळलं. मग तू हात तसाच धरून माझ्या तोंडाकडं बघितलंस.

"इत्ता दबाया मैंने," तू म्हणालीस. "आई गं भी नहीं बोली तू."

त्याच क्षणापासून माझा तुझ्यावर संशय बसला. ही बाई माझ्यात काय बघते?

दुसऱ्या दिवशी तू परत आलीस. म्हणे एखादी बांगडी तडकली असेल. तिसऱ्या दिवशी आलीस, म्हणे टोपलीचं फडकं राहिलं. चौथ्या दिवशी काही न सांगताच आलीस. आत्याबाई वैतागल्या, "ही रोज कायला येऊन राह्यली? बांगडी फुटायच्या आधी ही हजर!" तू त्यांना हसून म्हणालीस, "तुम्हारी चाय अच्छी है, बाई." आमचा चहा बिनदुधाचा असायचा. हेही माझ्या ध्यानात राहिलं. बिनदुधाच्या चहासाठी कुणी चार गल्ल्या ओलांडून येत नाही.

तू बाजेजवळ बसायचीस. बाळाकडं कमी बघायचीस, माझ्या हातांकडं जास्त. मी उशी नीट केली तरी तुझी नजर उशीवर जायची. मला वाटायचं, ही बाळ न्यायला आली आहे. नाहीतर तांड्यावरच्या बाईनं हिला पाठवलं आहे.

मग एका संध्याकाळी मी उशाखाली हात घातला आणि विळा नव्हता.

त्या जागी काहीतरी चपटं, लांब, थंड होतं. बाहेर काढलं तर लोखंडी उलथनं. भाकरी उलथायचं, काळं पडलेलं, एक कोपरा वाकलेला. तुझ्या घरी चुलीजवळ ते मी पाहिलेलं होतं. अजून त्याला कांद्याचा वास होता.

आज हसू येतं. तेव्हा नाही आलं. मला वाटलं, विळा काढून माझं बाळ उघडं पाडलं. आणि आईची तेवढी एकच खूण, तीही नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू ओट्यावर आलीस तेव्हा तिथं चार बायका निवडत-टिपत बसल्या होत्या. मी, जी कधी कुणासमोर बोलत नाही, बाज सोडून दारात आले आणि म्हणाले, "माझ्या आईचा विळा दे."

तू वरसुद्धा बघितलं नाहीस. "कौनसा विळा गे?"

"उशाखालचा. तू नेलास. करणी करतीस माझ्या लेकरावर."

मामंजी आत वर्तमानपत्र वाचत होते. ते बाहेर आले. "उशाखाली विळा? या घरात? कोणी ठेवला?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या सुपातले खडे वेचत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला काय माहीत? हिचं डोकं ठिकाणावर हाय का?"

असं त्या दिवशी चार बायांसमोर ठरलं की विळा नव्हताच. तू घेतला नव्हता, आत्याबाईंनी ठेवायला सांगितला नव्हता आणि मी वेडी होते. तुला खरं माहीत होतं. तू एक शब्द बोलली असतीस तर मी खरी ठरले असते. तू बोलली नाहीस. याचा राग माझ्या मनात अजून आहे, खाला. तू मेलीस म्हणून तो कमी झालेला नाही.

मी तुला म्हणाले, "परत आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको." तू टोपली उचलून गेलीस. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याच्या चार बोटं बाहेर येऊन बसलीस. आत्याबाईंनी विचारलं तर म्हणालीस, "उंबरे पे पाँव नहीं रखा मैंने. देख लो, बाहर हूँ." उन्हात बसायचीस. बांगड्या पुसत. दार उघडं राहील असं बघायचीस.

आठच दिवसांत ह्यांनी जिनिंगमध्ये सुट्टी टाकली आणि मला जालन्याला डॉक्टरकडं नेलं. ह्यांच्यासारखा माणूस, जो स्वतःच्या दाढदुखीला तीन महिने दवाखान्यात जात नाही, तो आपण होऊन बायकोला डोक्याच्या डॉक्टरकडं नेईल? कुणीतरी सांगितलं असणार. मी ह्यांना पुष्कळदा विचारलं. "मलाच वाटलं," एवढंच म्हणतात. मला पटत नाही. ह्यांना जिनिंगच्या फाटकात गाठून सांगणारी गावात एकच बाई होती. पण तू तेही कधी कबूल केलं नाहीस.

गोळ्या सुरू झाल्या. गावात 'येडी' हे नाव पडलं, ते दोन-तीन वर्षं राहिलं. पण हळूहळू एक दिवस असा आला की सिद्धार्थ रडला आणि मला वाटलं, माझा रडतोय. कुठला दिवस, ते आठवत नाही. तुला आठवत असेल. तू उंबऱ्याच्या बाहेर होतीसच.

त्यानंतर आपण कितीदा भेटलो. सणाला, लग्नाला, बाजाराच्या दिवशी फाट्यावर तुझ्या गाड्यावर. हात पुढं केला की मी म्हणायची, "विळा दे." तू हाड दाबून म्हणायचीस, "कौनसा विळा गे?" मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "आई गं!" आणि तू म्हणायचीस, "हाँ, अब बराबर है." बाकीच्या बायांना वाटायचं आपली काहीतरी थट्टा चालली आहे. थट्टाही होतीच. पण घरी येऊन मी दर वेळी विचार करायची की ही कबूल का करत नाही. चोरी लपवते की आणखी काही?

सिद्धार्थच्या लग्नात तू माझ्या हातात चुडा भरत होतीस. मांडवात गर्दी होती, कुणाचं लक्ष नव्हतं. तू अचानक म्हणालीस, "मेरी पहली बेटी का चिल्ला भी पूरा नहीं हुआ था." मी म्हणाले, "काय झाल्तं तिला?" तू पुढची बांगडी उचललीस. ती चढवता चढवता म्हणालीस, "तेरे जैसा हाथ था उस वक्त मेरा. लकडी." मग तुला कुणीतरी हाक मारली.

चाळीस दिवसही न झालेली पोर. ती कशी गेली, हे तू सांगितलं नाहीस, मी परत विचारलं नाही. तुमच्या घरचे म्हणतात ताप आल्ता. मला एक शंका आहे. ती मी या वहीतसुद्धा लिहिणार नाही. ताप आल्ता, असंच मी धरते. पण तू माझ्या हातांकडं का बघायचीस, ते मला त्या दिवशी थोडं कळलं.

मग आता प्रज्ञा.

माझी सून जालन्याची, कॉलेज शिकलेली, बोलायला चटपटीत. तिच्या आईचा पाय मोडला म्हणून बाळंतपण माझ्याकडं आलं. मुलगी झाली. सिद्धार्थ कारखान्यातून आठवड्याला येतो. प्रज्ञा फोनवर त्याच्याशी हसून बोलते, फोन ठेवला की हसू तिथंच संपतं. जसं कुणी बटण दाबलं. आशाताई वजन करायला आली तर प्रज्ञा सगळ्याला 'हो ताई, ठीक आहे ताई' म्हणाली. ती इतकं पटापट ठीक आहे म्हणत होती की मला संशय आला.

मुलगी नऊ दिवसांची होती तेव्हा मी तुला बघायला आले. तू खाटेवर, अंगात जीव नव्हता. मनात होतं की आज विळ्याचं विचारायचंच, आता वेळ नाही. पण तूच आधी बोललीस.

"हात देखी क्या बहू का?"

मी म्हणाले, "आताच्या पोरी काच कुठं घालतात, खाला?"

"चुडी को मार गोली," तू म्हणालीस, आणि खोकलीस. "हात देख."

मी बरं म्हणाले आणि निघाले. विळ्याचं राहिलंच. पाच दिवसांनी तू गेलीस.

जियारतीहून विळा घेऊन आले त्या दिवशी घरात शिरले तर पोरगी पाळण्यात रडत होती आणि प्रज्ञा शेजारी बसून पाळण्याच्या दोरीकडं बघत होती. दोरी तिच्या हाताच्या अंतरावर होती. कोनाड्यात ताटलीत अर्धं सफरचंद पडलेलं, काळं झालेलं, आणि त्यात सुरी. मी पोरगी उचलली. जाता जाता सुरीही उचलली. विचार करून नाही. हातानंच उचलली.

थोड्या वेळानं प्रज्ञा म्हणाली, "आई, इथली सुरी कुठं गेली?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "कोणती सुरी गं?"

खाला, तुझाच आवाज होता. तसाच वर न बघता. सव्वीस वर्षांत जे कळलं नाही ते त्या एका घटकेत कळलं. विळ्याला धार होती. आत्याबाई आणि मी त्या विळ्याकडं बाळाला राखणारं लोखंड म्हणून बघत होतो, मामंजींना त्यात नुसती अंधश्रद्धा दिसली. एकट्या तुला ती धार दिसली. तू लोखंडाच्या जागी लोखंडच ठेवलंस, म्हणजे आत्याबाईंचा नेमही मोडला नाही. फक्त धार तेवढी नेलीस. आणि कबूल करायचं तर कारण सांगावं लागलं असतं, की मला या बाईच्या हातांची भीती वाटते. चार बायांसमोर ते म्हटलं असतं तर मला या घरात कुणी ठेवलं असतं का? मला वेडी ठरू दिलंस, पण त्याहून वाईट काही ठरू दिलं नाहीस.

आणि तुझी भीती खोटी नव्हती. एवढंच लिहिते. पुढचं लिहीत नाही.

पण मी मान वर केली तर प्रज्ञा माझ्याकडं बघत होती. ती नजर मी ओळखली. ती माझी होती, उंबऱ्याच्या आतून तुझ्याकडं बघायची ती. सासू माझ्या वस्तू लपवते. सासू खोटं बोलते. हिच्या मनात काय आहे? आता हिनं सुरीचं कुणालाही सांगितलं की मी म्हणणार, कोणती सुरी, आणि हीच वेडी ठरणार. सगळं परत तसंच होणार होतं. आणि आमच्या उंबऱ्याबाहेर बसायला आता तू नव्हतीस.

मी एक दिवस काढला. तेवढा लागला मला. दुसऱ्या दिवशी दुपारी हे बाहेर गेले, पोरगी झोपली, तेव्हा मी प्रज्ञासमोर जाऊन बसले. मांडीवर एका बाजूला सुरी ठेवली, दुसऱ्या बाजूला विळा, पण तो कागदातच राहू दिला. कागदावर हात ठेवून म्हणाले, "सुरी मीच नेली. खोटं बोलले."

ती एकदम मागं सरकली. "का? मी काय करणार होते सुरीनं? तुमचा माझ्यावर डाऊट आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "कारण माझ्यावर होता एकीचा."

मग मी सांगितलं. मला सांगता येत नाही, खाला, तुला माहीत आहे. मध्येच थांबत होते, लाडवांचं आधी सांगितलं, मग बोटांचं, मग लमाण बाईचं. सिद्धार्थ माझा नाही असं मला वाटायचं, हे सांगताना तोंड फिरवून सांगितलं. तो तिचा नवरा आहे. शेवटी हाताचं सांगितलं आणि तिचा हात मांडीवर घेऊन, तू दाबायचीस तिथं, अंगठ्याखाली दाबलं. जोरात दाबलं. ती काही बोलली नाही.

लाकूड.

मग ती म्हणाली, "आई, तिची टाळू उडते ना, धकधक, ती मला बघवत नाही. मला वाटतं माझ्या हातून काहीतरी होणार. म्हणून मी तिला उचलत नाही. मला वाटलं, हे सांगितलं तर तुम्ही तिला माझ्यापासून काढून घ्याल."

मी म्हणाले, "काढून नाही घेणार. पण सुरीही नाही देणार."

ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. ठेवता आला नाही, हात मध्येच राहिला. मला जवळ घेणं जमत नाही. मी नुसती बसून राहिले, तू बसायचीस तशी.

सिद्धार्थला बोलावलं. जालन्याला नेलं. डॉक्टरच्या दारात कितीतरी लेकुरवाळ्या होत्या. बुरख्यातली होती, डोईवरून पदर घेतलेली होती, घागऱ्यातली होती, जीन्समधली पण होती. एकीची सासू दुसरीला सांगत होती की हिला बाहेरचं झालंय. दुसरी म्हणाली, आमच्या हिला नजर. तिसरीचा नवरा म्हणाला, टेन्शन. सगळ्यांच्या हातात नंबरची चिठ्ठी एकाच कागदाची. आत डॉक्टरीणबाईंनी प्रज्ञाला सांगितलं, हा बाळंतपणानंतरचा आजार आहे, तुमचा दोष नाही, बरा होतो, वेळेत आलात. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "काही दिवस त्यांना एकटं सोडू नका. धारदार वस्तू, औषधं जरा लांब ठेवा." मी म्हणाले, "ठेवल्यात." त्यांनी चमकून बघितलं. कुणाकडून शिकले, हे त्यांना कसं सांगू?

विळा मी रुखसानाकडं परत दिला. ती म्हणाली, "ये क्या, मौसी? अम्मी ने तो आपकोच दिया." मी म्हणाले, "आमच्या घरात सध्या धार नको. तुझ्या पेटीत राहू दे." बदल्यात मी तिला एक वस्तू मागितली. तिनं स्वयंपाकघरात शोधून काढून दिली. कोपरा अजून वाकलेलाच आहे. तू ते माझ्याकडून परत कधी नेलंस, हे मला आठवतसुद्धा नाही. आता ते प्रज्ञाच्या उशाखाली आहे. भूत नसतं हे मलाही माहीत आहे. पण तिला माहीत आहे की ते तिथं का आहे, आणि कुणाचं आहे.

रुखसानानं तुझ्या टोपलीतल्या उरलेल्या हिरव्या बांगड्याही दिल्या. काल त्या मी प्रज्ञाला भरल्या. मला तुझ्यासारखं जमत नाही, पहिलीच बांगडी माझ्या हातात फुटली. दुसरीला हाड दाबलं आणि ती ओरडली, "आई गं!"

मला इतका आनंद झाला की मी हात सोडून दिला. पोरगी तिच्या मांडीवर होती, दचकून जागी झाली. प्रज्ञानं तिला थोपटलं. आपण होऊन थोपटलं.

पण रात्र सरली आणि आज सकाळपासून मला एक शंका खाते आहे. हाताची गोष्ट मीच तिला सांगितली होती. मला काय ऐकायचं आहे, हे तिला माहीत आहे. ती शिकलेली आहे, हुशार आहे, आशाताईला 'ठीक आहे' म्हणणारी आहे. दुखलं म्हणून ओरडली, की मला बरं वाटावं म्हणून? मला ओळखता येत नाही. तू असतीस तर हात धरल्या धरल्या सांगितलं असतंस.

म्हणून मी अजून बघते आहे. ती पोरीला घेते तेव्हा तिच्या हातांकडं बघते. ती चिडते कधी कधी, म्हणते, "आई, किती बघता!" मी चहा घेऊन येते, म्हणजे बसायला कारण होतं. आमचा चहा आता दुधाचा असतो.

उद्या तुझ्याकडं येईन. प्रज्ञाला आणि पोरीला घेऊन येईन, त्यांना एकटं ठेवायचं नाही ना. दाराजवळ बसू. मनात एकदा म्हणेन, विळा दे. तू काय म्हणशील, ते मला माहीत आहे.

सुरी मी अजून परत दिलेली नाही.